कातेवरून कोळी: शरीररचनेच्या अभ्यासाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१५ जून २०२४

शाळा आज सुरू झाली आणि नववीच्या अकरा मुलांचा गट या प्रकल्पासाठी निश्चित केला. चिपळूणच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की व्हरांड्यापासून आंब्याच्या खोडापर्यंत सर्वत्र कोळी दिसू लागतात, त्यामुळे अभ्यासासाठी वेगळे साहित्य मागवावे लागणार नाही. पहिल्या तासाला मुलांना काहीही न सांगता आठवणीतून कोळी काढायला लावला. अकरापैकी सात चित्रांत पाय पोटातून निघाले होते, तीन चित्रांत कोळ्याला झुरळासारख्या मिशा होत्या आणि एकाने फक्त जाळे काढून 'कोळी बाहेर गेला आहे' असे खाली लिहिले होते. ही चित्रे जपून ठेवली आहेत.

गटाचा एकच नियम ठरवला: अभ्यासासाठी एकही कोळी मारायचा नाही. जिवंत कोळी पारदर्शक डबीत जास्तीत जास्त एक तास ठेवून जिथून आणला तिथेच सोडायचा आणि बाकीचा अभ्यास त्याने टाकलेल्या कातेवर करायचा. कात म्हणजे कोळ्याच्या अंगावरचे, कायटिन या चिवट द्रव्याचे संपूर्ण कवच असते आणि त्यात बाहेरचा जवळजवळ प्रत्येक अवयव आपापल्या जागी राहतो. साधने म्हणजे दहापट मोठे दाखवणारी दोन भिंगे, मोबाईलला लावायची एक भिंगाची क्लिप आणि प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक एवढीच आहेत.

१९ जून २०२४

सामान ठेवायच्या खोलीतील कोपऱ्यात लटकणारा लांब पायांचा फिकट कोळी, म्हणजे क्रॉसोप्रायझा लायोनी, पहिला नमुना म्हणून घेतला. कोकणातले एकही घर त्याच्याशिवाय नसते, आणि तरीही आपण त्याच्याकडे जळमट म्हणूनच पाहतो. डबीवर टिचकी मारताच तो जाळ्यात इतक्या वेगाने गरगरू लागतो की त्याची आकृतीच अंधूक होते. त्यामुळे पहिली दहा मिनिटे शांत बसून राहण्यातच गेली.

शरीराचे दोन भाग सर्वांना स्पष्ट दिसले. पुढचा भाग शिरोवक्ष, ज्यात डोके आणि छाती वेगळी करता येत नाहीत, आणि मागचा भाग उदर. दोहोंना जोडणारा अगदी बारीक देठ. आठही पाय शिरोवक्षातून निघतात, उदराला एकही पाय नसतो, हे पाहिल्यावर सात मुलांनी आपापल्या चित्रांकडे पाहिले. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, सहा पाय आणि मिशा; कोळ्याला मिशा नाहीत आणि पंखही नाहीत. विंचू, गोचीड आणि कोळी हे एकाच अष्टपाद वर्गातले असल्याचे सांगितले तेव्हा गोचिडीवर कोणाचाही विश्वास बसला नाही.

एका मुलीने पाय मोजून दहा सांगितले. तिची गणती चुकीची नव्हती, नाव चुकीचे होते. तोंडाजवळची पायांसारखी दिसणारी आखूड जोडी म्हणजे पेडिपाल्प, थोडक्यात पाल्प. पायाला सात खंड असतात, पाल्पला सहा. पायातला मेटाटार्सस हा खंड पाल्पमध्ये नसतो. चालण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. चाचपणे, चव घेणे आणि भक्ष्य धरणे ही कामे ते करतात.

२७ जून २०२४

आज पहिली कात मिळाली आणि ती हाती लागण्याचा आनंद माझ्या उतावीळपणाने अर्धा घालवला. ग्रंथालयातील कपाटामागे, भिंतीवर राहणाऱ्या मोठ्या चपट्या कोळ्याची, हेटेरोपोडा व्हेनाटोरियाची, पूर्ण कात एका धाग्याला लटकत होती. वाळलेली कात चिमट्याने तशीच उलगडायला गेलो आणि डाव्या बाजूचे दोन पाय मुळापासून तुटले. ओला कापूस ठेवलेल्या बंद डबीत ती रात्रभर ठेवली असती तर सांधे मऊ पडले असते. यापुढे कोणतीही कात एक रात्र ओलाव्यात ठेवल्याशिवाय उघडायची नाही, असे फळ्यावर लिहिले.

२८ जून २०२४

रात्रभर ओलाव्यात राहिलेली कात आज पांढऱ्या कागदावर व्यवस्थित उलगडली. दोन तास पुरले नाहीत.

प्रथम लक्ष गेले ते डब्याच्या झाकणासारख्या सुट्या झालेल्या पाठीच्या कवचाकडे. कात टाकताना कोळी उदरातील द्रव पुढे ढकलतो, त्यामुळे शिरोवक्षातला दाब वाढतो आणि हे कवच पुढच्या व बाजूच्या कडेने उकलून वर उचलले जाते. त्यानंतर उदराची त्वचा फाटते आणि शेवटी हातमोज्यातून बोटे काढावीत तसे आठही पाय जुन्या कवचातून ओढून काढावे लागतात. पाय सर्वांत कठीण. त्यातला एखादा अडकला तर कोळ्याला तो गमवावा लागतो किंवा जीव जातो.

कवच उजेडासमोर धरल्यावर पुढच्या कडेला चार-चारच्या दोन ओळींत आठ पारदर्शक खिडक्या दिसल्या. त्या डोळ्यांवरच्या भिंगांच्या काती आहेत. कोळ्याचे डोळे माशीच्या डोळ्यांसारखे शेकडो पैलूंचे नसून प्रत्येक डोळ्याला एकच भिंग असते, आणि कात टाकताना तेही नवे होते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असले तरी काही कुलांत सहाच असतात. डोळ्यांची संख्या आणि मांडणी ही कुल ओळखण्याची पहिली पायरी आहे, म्हणून ती प्रत्येक कातेबरोबर टिपून ठेवायची आहे.

कवचाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा आहे. मुलांना ती मोड वाटली. प्रत्यक्षात कवच तिथे आतल्या बाजूला दुमडलेले असते आणि त्याला शोषक जठराचे स्नायू जोडलेले असतात. कोळी घन अन्न गिळू शकत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेले अन्न या जठराच्या पंपाने ओढून घेतो. पाठीवरचा खळगा हा त्या पंपाचा टेकू आहे, हे मलाही पूर्वी कोणी शिकवले नव्हते.

तोंडाच्या पुढे दोन जाड केलिसेरा, म्हणजे जबड्यांसारखे अवयव, आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला घडीच्या चाकूसारखा आत मिटणारा गडद तपकिरी सुळा. सुळा मिटतो त्या खाचेच्या कडेला बारीक दात आहेत. विषाचे छिद्र सुळ्याच्या अगदी टोकाला नसून किंचित अलीकडे असते, म्हणजे टोक बोथट न होता आत शिरते आणि विषही वाहते. इंजेक्शनच्या सुईचे टोक तिरके कापलेले असते, त्यातलाच हा प्रकार. विषग्रंथी अर्थातच कातेत नाहीत. या कोळ्याच्या गटात त्या शिरोवक्षात असतात. युलोबोरिडी या कुलाला विषग्रंथीच नाहीत. ते कोळी भक्ष्याला भरपूर रेशमात गुंडाळूनच निकामी करतात.

पायाचे सात खंड टाचणीने एकेक करून दाखवले: कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पॅटेला, टिबिया, मेटाटार्सस आणि टार्सस. मुलांनी त्यांना आपल्या सोयीने खुबा, खुब्याची वाटी, मांडी, गुडघा, नडगी, घोटा आणि पाऊल म्हणायला सुरुवात केली आहे आणि मी ते तसेच राहू दिले. या जातीचे पाय मुळाशीच वळलेले असतात, पायाची वरची बाजू मागे वळते आणि कोळी खेकड्यासारखा सपाट होतो. म्हणूनच कपाट आणि भिंत यांच्यामधली दोन बोटांचीही नसलेली फट त्याला पुरते.

उदराची कात चुरगळलेली होती. पाठीचे कवच कठीण असते, उदराची त्वचा मात्र मऊ आणि ताणली जाणारी असते, कारण तिला पोटभर जेवण आणि अंडी या दोन्हींसाठी जागा करावी लागते. तिच्या खालच्या बाजूला दोन पांढुरके ठिपके दिसले. ती पुस्त-फुप्फुसांच्या, म्हणजे कोळ्याच्या श्वसनाच्या अवयवांच्या, आतल्या पापुद्र्यांची कात असावी. ती उलगडण्याचा प्रयत्न केला नाही.

८ जुलै २०२४

हात धुण्याच्या टाकीत एक मेलेला कोळी सापडला. आठही पाय पोटाशी घट्ट मिटलेले होते. मेलेले कोळी असेच का दिसतात हा मुलांचा प्रश्न आजच्या तासाचा विषय झाला.

आपल्या कोपरात हात दुमडणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू असतात. कोळ्याच्या पायात फीमर व पॅटेला यांच्यामधल्या आणि टिबिया व मेटाटार्सस यांच्यामधल्या सांध्यांना फक्त दुमडणारे स्नायू आहेत; पाय ताणण्याचे काम शिरोवक्षातून दाबाने ढकललेले रक्त करते. जीव गेला की दाब संपतो, स्नायूंचा आणि सांध्यांचा ओढा तेवढा शिल्लक राहतो आणि पाय मिटतात. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी आणि श्वास थांबला की गुंडाळली जाणारी कागदी पिपाणी एका मुलाने घरून आणली होती. त्यापुढे माझे आकृतीचे स्पष्टीकरण फिके पडले. उडी मारणारा कोळी मागच्या पायांतला दाब एकाएकी वाढवून उडी घेतो, त्यामागेही हीच यंत्रणा आहे.

याच टाकीजवळ सात पायांचा एक जिवंत कोळीही फिरत होता. संकटात कोळी ठरावीक सांध्याशी पाय सोडून देतो आणि तिथले स्नायू आकुंचन पावून जखम बंद करतात, नाहीतर दाबाखालचे रक्त वाहून गेले असते. वाढ पूर्ण झालेली नसेल तर पुढच्या काती टाकताना नवा पाय येतो, पण तो आधी आखूड आणि बारीक असतो.

१८ जुलै २०२४

अतिवृष्टीमुळे तीन दिवस काम झाले नाही. आज फक्त निरीक्षण. लांब पायांच्या कोळ्याने डासाला चौथ्या पायांनी रेशीम ओढत गुंडाळले, दंश केला आणि पाऊण तासाने उरलेले पोकळ टरफल खाली टाकले.

याच कोळ्याच्या फिकट उदरावर, पाठीच्या मध्यरेषेत, हृदयाचे स्पंदन उजेडात दिसते. कोळ्याचे हृदय म्हणजे उदरात पाठीच्या बाजूने जाणारी लांबट नळी. तिच्यातून निघालेले रक्त अवयवांभोवतीच्या पोकळीत मोकळे फिरते आणि बाजूच्या छिद्रांतून परत हृदयात येते. त्यात लोहाऐवजी तांबे असलेले हीमोसायनिन असते, त्यामुळे प्राणवायू मिळाल्यावर ते निळसर होते. चार मुलांनी एक मिनिट ठोके मोजले आणि चार वेगवेगळे आकडे आले. म्हणून आकडा नोंदवलेला नाही.

मेंदू मात्र कातेतही दिसत नाही आणि जिवंत कोळ्यातही नाही. तो शिरोवक्षात अन्ननलिकेला वेढून असतो, म्हणजे कोळ्याचे जेवण अक्षरशः मेंदूच्या मधून जाते.

४ ऑगस्ट २०२४

आज दिव्यांची अवस. चंद्रप्रकाश नाही आणि सुदैवाने पाऊसही उघडला होता. पालकांच्या संमतीने संध्याकाळी साडेसात वाजता शाळेच्या मैदानावर जमलो. विजेरी छातीशी धरली तर काही दिसत नाही; ती कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरावी लागते. तशी धरताच गवतात दवबिंदूंसारखे हिरवट ठिपके चमकू लागले आणि ठिपक्यापर्यंत चालत गेले की प्रत्येकाच्या जागी एक भूचर शिकारी कोळी, लायकोसिडी कुलातला, बसलेला सापडला.

ही चमक डोळ्यातील पडद्यामागच्या परावर्तक थराची आहे. रात्री मांजराच्या डोळ्यांत दिसते तशीच. कोळ्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे मधले दोन मुख्य डोळे वेगळ्या रचनेचे असतात आणि त्यांत हा थर नसतो. या कुलात पुढे चार लहान डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे आणि त्यांच्या मागे आणखी दोन अशी मांडणी असते. एका ठिकाणी एकाच कोळ्याच्या अंगावर डझनावारी बारीक ठिपके चमकत होते. ती पाठीवर पिल्ले घेतलेली मादी होती.

६ ऑगस्ट २०२४

खिडकीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची, प्लेक्सिपसची, परवाच्या कोळ्याशी तुलना केली. याचे समोरचे मधले दोन डोळे इतके मोठे आहेत की मुलांना तो आपल्याकडे रोखून पाहतो असे वाटते, आणि ते खरेही आहे. भिंग कवचात पक्के बसवलेले असल्यामुळे डोळा फिरवता येत नाही; म्हणून आतली दुर्बिणीसारखी नळी स्नायूंनी हलते आणि तिच्या टोकाचा पडदा निरनिराळ्या दिशांना रोखला जातो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात आणि मुख्य डोळे ती वस्तू काय आहे हे पाहतात.

कोळ्याला कान नाहीत, तरी टाळी वाजवल्यावर तो दचकतो. पायांवरच्या वाटीसारख्या खोबणीत उभे असलेले अतिशय बारीक लांब केस हवेच्या झुळकीनेही हलतात, आणि कवचातल्या सूक्ष्म चिरा ताण व कंपने ओळखतात. कातेवर हे केस शाबूत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली इतर केस तिरके आणि हे काटकोनात उभे, असा फरक स्पष्ट दिसला.

१२ ऑगस्ट २०२४

कुंपणावरच्या कण्हेरीत अर्जिओपे या पोटजातीच्या नव्हे, तर प्रजातीच्या कोळ्याने जाळे केले आहे. (वहीत एका मुलाने 'पोटजात' लिहिले होते; फरक इथेच नोंदवून ठेवतो: प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, पोटजात म्हणजे एकाच जातीतला उपगट.) हा कोळी जाळ्याच्या मध्यावर डोके खाली करून आणि पाय जोडीजोडीने पसरून बसतो, त्यामुळे एका बाजूने पाठ आणि दुसऱ्या बाजूने संपूर्ण पोट हात न लावता पाहता येते. शरीररचना शिकवण्यासाठी इतका सोयीचा कोळी दुसरा नाही.

पोटाच्या बाजूला सर्वांत आधी पायांच्या मुळांमध्ये वक्षाची ढालीसारखी पट्टी. त्यापुढे उदरावर एक आडवी खाच, तिच्या दोन्ही बाजूंना पुस्त-फुप्फुसांची झाकणे आणि मध्ये मादीचे जननद्वार झाकणारी कठीण पट्टी. फुप्फुसात पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक असतात. पापुद्र्यांमधून हवा आणि पापुद्र्यांच्या आतून रक्त. बहुतेक कोळ्यांना फुप्फुसांची एक जोडी आणि शिवाय श्वासनलिका असतात; टॅरंटुला गटाला दोन जोड्या असतात आणि श्वासनलिका नसतात.

उदराच्या टोकाशी रेशीम सोडणाऱ्या स्पिनरेटच्या तीन जोड्या, म्हणजे एकूण सहा लहान बोटे. प्रत्येकावर अनेक सूक्ष्म तोट्या असतात आणि त्या वेगवेगळ्या रेशीमग्रंथींना जोडलेल्या असतात. जाळ्याचे आरे आणि सुरक्षेचा दोर एका ग्रंथीचे, चिकट फेऱ्यांचा लवचीक धागा दुसरीचा, त्यावरचा गोंद तिसरीचा, भक्ष्य गुंडाळण्याचे रेशीम चौथीचे, अंड्यांच्या पिशवीचे पाचवीचे आणि धागा भिंतीला चिकटवण्याचे सहावीचे. कोळी धागा पिचकारीसारखा फेकतो हा समज एका चित्रपटामुळे गटात पक्का होता. रेशीम ग्रंथीत द्रव असते. ते पायाने, वाऱ्याने किंवा कोळ्याच्या स्वतःच्या वजनाने ओढले गेले की त्यातील प्रथिनांची मांडणी बदलते आणि त्याचा धागा होतो.

या कोळ्याच्या पाठीवरची चांदीसारखी चमक हा रंग नाही. ते त्वचेखाली साठवलेले ग्वानिनचे स्फटिक आहेत आणि ग्वानिन हा कोळ्याचा उत्सर्जित पदार्थ आहे. यावरून 'अंगावर कोळी मुतला की फोड येतात' हा विषय निघालाच. कोळ्याची विष्ठा पांढरट असते आणि तिने फोड येत नाहीत. पावसाळ्यात येणारे असे रेघेसारखे भाजल्यागत फोड बहुधा पेडेरस नावाचा लहान भुंगेरा त्वचेवर चिरडल्याने येतात, कारण त्याच्या रक्तात पेडेरिन हे दाहक द्रव्य असते. दोन मुलांच्या आज्यांना हे पटलेले नाही.

१७ ऑगस्ट २०२४

आंब्याच्या खोडावर हर्सिलिया दिसला. सालीच्या रंगात इतका मिसळलेला होता की आधी त्याची दोन शेपटे दिसली आणि मग कोळी. ती शेपटे म्हणजे लांब झालेले मागचे स्पिनरेट. भक्ष्याभोवती गरगर फिरत तो त्यांनी रेशीम पसरवतो.

घाटाकडच्या रस्त्यावर जांभ्याच्या दरडीत टॅरंटुला गटातल्या कोळ्याचे बीळ आहे. खणले नाही. रात्री तोंडाशी आलेल्या कोळ्याचे सुळे विजेरीत दिसले: दोन्ही समांतर, वरून खाली येणारे, कुदळीसारखे. घरातल्या कोळ्यांचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात.

२६ ऑगस्ट २०२४

अर्जिओपेच्या जाळ्याच्या कडेला नर आला आहे. तो मादीच्या चौथ्या हिश्शाएवढाही नाही. त्याच्या पाल्पची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली आहेत. नराचे जननद्वार उदरावर असले तरी मीलनाचा अवयव पाल्पच्या टोकाशी असतो. नर लहानसे जाळे विणून त्यावर शुक्रद्रव सोडतो, पाल्पच्या बल्बमध्ये तो भरून घेतो आणि मग मादीच्या शोधात निघतो. बल्बची आणि मादीवरच्या पट्टीची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. म्हणून ५०,००० हून अधिक नोंदलेल्या जातींपैकी नेमकी जात ठरवायची तर प्रौढ नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागतो. आपल्या नियमात ते बसत नाही, तेव्हा बऱ्याच लेबलांवर प्रजातीपर्यंतचेच नाव राहील.

२ सप्टेंबर २०२४

गणपती शनिवारी, त्यामुळे घरोघरी जळमटे काढणे चालू आहे. झाडू फिरवण्याआधी कोपरे पाहा आणि काती डबीत घाला, असे मुलांना गेल्या आठवड्यात सांगितले होते. आज सदतीस डब्या आल्या. नऊ काती चुरडलेल्या, सव्वीस वापरण्याजोग्या आणि दोन झुरळाच्या. झुरळाच्या काती त्याच मुलाने बाजूला काढल्या, ज्याने जूनमध्ये कोळ्याला मिशा काढल्या होत्या.

वर्गवारी आधी डोळ्यांवरून आणि मग पायांच्या टोकावरून केली. जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या पायाला तीन नख्या असतात. मधल्या नखीने ते धागा पकडतात. भिंतीवर धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांना दोनच नख्या आणि त्यांच्याखाली दाट केसांचा झुपका. त्या केसांची टोके पुन्हा असंख्य तंतूंत विभागलेली असतात, म्हणून गुळगुळीत काचेवरही पाय टिकतो.

५ सप्टेंबर २०२४

सव्वीस काती जाड कागदावर पारदर्शक नेलपॉलिशच्या थेंबांनी चिकटवल्या. बावीस क्रमांकाच्या कातेत उजवा चौथा पाय डाव्यापेक्षा बराच आखूड आणि फिकट आहे; तुटल्यानंतर आलेला पाय. तो दुरुस्त करू नये, तुटका नाही, असे लेबलवर लिहिले.

ग्रंथालयातील कपाटामागे हेटेरोपोडाची मादी पोटाखाली चपटी, नाण्यासारखी अंड्यांची पिशवी धरून बसली आहे. जूनमधली कात तिची असू शकेल. सुट्टीत ग्रंथालयाची झाडलोट होणार आहे. शिपाईकाकांना कपाट हलवू नका असे सांगितले आणि भिंतीवर खडूने बाण काढून ठेवला.